चिकन मार्साला : खमंगपणाचे रसायन आणि ‘रस कोंडण्या’ची समजूत

चिकन मार्साला, म्हणजे मार्साला वाइनच्या सॉसमधले चिकनचे काप, घरी कसे करावे हे दाखवणाऱ्या व्हिडिओंत एक वाक्य हमखास ऐकू येते : पॅन कडक तापवून त्यात चिकनचे काप टाकले, की त्यांचा पृष्ठभाग ‘सील’ होतो आणि रस आत कोंडला जातो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांनी १८४७ मध्ये मांडलेल्या विचारातून ही समजूत रूढ झाली. १९३० च्या दशकातील साध्या प्रयोगांनी ती खोडून काढली, तरी ती अजून स्वयंपाकघरात ठाण मांडून आहे. वास्तविक तिचे खंडन पॅनमध्येच ऐकू येते. काप तेलात पडल्यावर होणारी चरचर म्हणजे मांसातले पाणी बाहेर येऊन त्याची वाफ होण्याचा आवाज. तांबूस थर धरल्यावरही ती थांबत नाही.

मग कडक आच हवी कशाला? चवीसाठी. सिसिलीच्या पश्चिम टोकाला होणाऱ्या मार्साला वाइनमध्ये वासराच्या मांसाचे पातळ काप शिजवण्याची इटालियन रीत अमेरिकेत स्थायिक झालेल्या इटालियन कुटुंबांनी आणि त्यांच्या खानावळींनी चिकनवर आणली. या पदार्थाची सारी चव पॅनच्या तळाशी धरणाऱ्या खरवडीत असते.

ही खरवड घडवणारी प्रक्रिया फ्रेंच वैद्य लुई-कामिय मायार यांनी १९१२ मध्ये प्रथम वर्णन केली आणि अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ जॉन हॉज यांनी १९५३ मध्ये तिच्या टप्प्यांचा सुसंगत आराखडा दिला. प्रथिनांतील अमिनो गट (नायट्रोजनयुक्त भाग) शर्करेच्या कार्बोनिल गटाशी (कार्बन-ऑक्सिजनच्या जोडीशी) जोडला जातो, पाण्याचा एक रेणू निसटतो आणि शिफ बेस नावाचे संयुग तयार होते. त्याची अंतर्गत फेररचना होऊन अधिक स्थिर असे अमाडोरी संयुग बनते. येथून वाटा फुटतात. एका वाटेने शर्करेचा सांगाडा तुटून अतिक्रियाशील डायकार्बोनिल (दोन कार्बोनिल गट असलेली) संयुगे बनतात, ती उरलेल्या अमिनो आम्लांवर तुटून पडतात आणि त्यांतून सुगंधी अल्डिहाइडे निर्माण होतात. हेच स्ट्रेकर विघटन. मांसाचा खास वास मात्र गंधकाचा असतो. स्नायूंतील ऊर्जावाहक एटीपी रेणूच्या विघटनातून मिळणारी रायबोज ही शर्करा आणि सिस्टीन हे गंधकयुक्त अमिनो आम्ल यांच्या संयोगातून फ्युरानथायॉल वर्गातील संयुगे तयार होतात आणि त्यांचा अत्यल्प अंशही नाकाला जाणवतो.

मायार यांनी वर्णिलेली ही अभिक्रिया साधारण १४० अंश सेल्सियसच्या वर झपाट्याने होते. पृष्ठभागावर पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या फारसे पुढे सरकत नाही. म्हणूनच काप कागदाने कोरडे टिपायचे, मैद्यात हलके घोळवून जादा मैदा झटकायचा आणि पॅनमध्ये गर्दी करायची नाही. गर्दी झाली की वाफ कोंडते आणि चिकन खरपूस होण्याऐवजी फिकटच शिजते.

काप काढून मशरूम परतल्यावर पॅनमध्ये वाइन ओतायची आणि लाकडी उलथन्याने तळ खरवडायचा. तपकिरी डाग सुटून द्रव गडद होत जातो, मैद्यातील स्टार्च फुगून त्याला दाटपणा येतो, आणि शेवटी आचेवरून उतरवून घातलेले थंड लोणी सूक्ष्म थेंबांत विखुरून सॉसला तकाकी देते. शिजवल्यावर वाइनमधील सर्व अल्कोहोल उडून जाते, ही आणखी एक चुकीची समजूत. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांनुसार १५ मिनिटे मंद उकळल्यावरही सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरते. ज्यांना ते वर्ज्य आहे त्यांनी चिकन स्टॉकच वापरावा. खरवड त्यातही उत्तम सुटते.

रसाळपणाचा हिशेब मात्र आतल्या तापमानाशी आहे. सुमारे ५० अंशांना मायोसिन हे स्नायूंतील प्रथिन गोठू लागते, ६६ ते ७३ अंशांच्या दरम्यान ॲक्टिन हे दुसरे प्रथिनही आकसते आणि तंतू पिळलेल्या फडक्यासारखे पाणी टाकतात. सुरक्षिततेसाठी ७४ अंश गाठावे असा अमेरिकी कृषी खात्याचा सल्ला आहे. तेथून पुढचा प्रत्येक अंश ब्रेस्टला, म्हणजे ज्याचे हे काप असतात त्या छातीच्या मांसाला, कोरडा करतो. काप ठोकून सुमारे एक सेंटिमीटर जाडीचे आणि सर्वत्र सारखे केले, तर कडा करपण्याआधी मध्यभाग शिजतो.

टोमॅटोच्या रश्श्यात शिजणाऱ्या ‘पोलो आला काच्चातोरा’ या इटालियन चिकनच्या पदार्थासाठी मात्र ब्रेस्ट घेऊच नये. मांडीच्या मांसात कोलॅजन हे तंतू बांधून ठेवणारे प्रथिन भरपूर असते आणि मंद आचेवर पाऊण तास मिळाला, की त्याचे जिलेटिन होऊन पाणी गमावलेले तंतूही मऊ लागतात आणि रस्सा ओठांना किंचित चिकट जाणवतो.