‘नर्स’ आणि पान्हा

गाईची धार काढायची तर आधी वासरू सोडावं लागतं. ते कासेला दोन-चार ढुशा देतं, सड चोखतं आणि मिनिटभरात गाय पान्हावते. मग वासराला ओढून बाजूला बांधायचं आणि चरवी गुडघ्यांत धरून बसायचं. या पान्ह्याचं आणि दवाखान्यातल्या नर्सचं जुनं नातं आहे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला थट्टाच वाटली होती.

इंग्रजीत नर्स म्हणजे मुळात रुग्णाची शुश्रूषा करणारी नव्हेच. दुसऱ्याच्या बाळाला अंगावर पाजणारी बाई, ती नर्स. आजाऱ्याचा अर्थ तिला सोळाव्या शतकाच्या सुमारास चिकटला. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मागे आहे लॅटिन ‘नुत्रिरे’, म्हणजे दूध पाजणं, पोसणं. न्यूट्रिशन, नर्चर, नरिश ही त्याचीच लेकरं. रोपांची नर्सरीसुद्धा.

भाषाशास्त्रज्ञ आणखी मागे जातात. ‘नुत्रिरे’च्या मुळाशी पाझरणं या अर्थाचा धातू आहे, असं ते मानतात. संस्कृतातला ‘स्नु’ त्यातलाच. लॅटिननं सुरुवातीच्या ‘स्न’मधला ‘स’ गाळून टाकला: आपली स्नुषा तिथं ‘नुरुस’ होते. मराठीत ‘स्न’चा ‘न्ह’ झाला, जसं स्नानाचं न्हाण. प्रस्नव म्हणजे दुधाचं पाझरणं. प्राकृतात त्याचं पण्हव झालं आणि मराठीत पान्हा. पाणी किंवा पिणं यांच्याशी त्याचा संबंध नाही, कितीही वाटला तरी.

आणि पाझरणं हेच इथं नेमकं. कासेतलं बरंचसं दूध बारीक पिशव्यांत अडकलेलं असतं, नुसतं ओढून ते निघत नाही. सडाला स्पर्श झाला की मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळतात आणि दूध खाली येतं. अवघ्या नऊ अमिनो आम्लांचं हे संप्रेरक विन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी 1953 मध्ये प्रयोगशाळेत बनवलं. 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

गाय बिचकली, गोठ्यात परका माणूस शिरला, की अ‍ॅड्रेनालिन आडवं येतं. मग धार काढणारा कुरकुरतो, गाईनं पान्हा चोरला. चोरत बिचारी काहीच नाही. दूध कासेतच असतं, फक्त उतरत नाही. उलट बाळंतिणीला शेजारच्या खोलीतून बाळाचं रडणं नुसतं ऐकू आलं, तरी पदर भिजतो.