पडद्याची सूज आणि स्टेरॉईडचे भय

नाशिकच्या पंचवटीतील आमच्या शेजारच्या आजोबांना वर्तमानपत्रातील ओळी मध्येच वाकलेल्या दिसू लागल्या, तेव्हा चष्म्याचा नंबर वाढला असेल असे सर्वांनी गृहीत धरले. तपासणीत निघाली ती मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्याला आलेली सूज. डॉक्टरांनी स्टेरॉईडचे इंजेक्शन सुचवताच ‘त्याने शुगर आणखी वाढेल’ म्हणून घरच्यांनी नकार दिला. स्टेरॉईडच्या गोळ्यांबाबत ही भीती रास्तच आहे. या इंजेक्शनने डोळ्यात सोडल्या जाणाऱ्या औषधाच्या बारीक कांडीत मात्र डेक्सामेथासोन हे स्टेरॉईड अवघे ०.७ मिलिग्रॅम असते आणि तेही काही महिने थोडे थोडे झिरपत राहते, त्यामुळे रक्तातील साखरेवर त्याचा सहसा फारसा परिणाम होत नाही.

मुळात ही सूज येते कशी, ते पाहण्यासारखे आहे. दृष्टिपटलातील, म्हणजे या पडद्यातील, केशवाहिन्यांच्या भिंतीतील पेशी प्रथिनांच्या टाक्यांनी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की रक्तातील द्रव सहजासहजी बाहेर पडत नाही. वर्षानुवर्षे साखर वाढलेली राहिली की या वाहिन्यांना बाहेरून आधार देणाऱ्या पेरिसाइट पेशी मरतात, काही वाहिन्या बंद पडतात, प्राणवायूला मुकलेले दृष्टिपटल व्हीईजीएफ नावाचे प्रथिन स्रवू लागते, त्यात दाह निर्माण करणाऱ्या रेणूंची भर पडते आणि टाके उसवतात. झिरपलेले पाणी पीतबिंदूत, म्हणजे आपण ज्या ठिपक्याने वाचतो नेमके तेथे, साचते. एरवी पडद्यातील म्युलर नावाच्या आधारपेशी हे पाणी उपसून टाकतात, पण मधुमेहात त्यांचाही उपसा मंदावतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढावा आणि त्याच दिवशी शहरातील गटारे तुंबावीत, असा हा प्रकार आहे. गोदेचा पूर आपण नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागले यावरून सांगतो. ही सूज पडद्याचे थर दाखवणाऱ्या ओसीटी स्कॅनवर मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात.

या सुजेवरचे दुसरे औषध, व्हीईजीएफविरोधी इंजेक्शन, मुख्यतः त्या एका प्रथिनाला अडवते. स्टेरॉईडचा रेणू थेट पेशीत शिरतो, तेथील ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटून केंद्रकात पोहोचतो आणि दाहाची जनुके मंदावतो. व्हीईजीएफ कमी होते, टाके पुन्हा आवळले जातात. कांडी ज्या बहुवारिकाची (पॉलिमरची) असते, त्याच जातीचे पदार्थ शस्त्रक्रियेतील विरघळणाऱ्या धाग्यांत वापरतात. त्याचे अखेरीस पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते, म्हणून ती काढावी लागत नाही. (डोळ्यात मध घालण्याचा सल्ला देणाऱ्यांनी एवढेच ध्यानात घ्यावे की पडदा बुबुळाच्या जवळपास दोन सेंटिमीटर मागे असतो.)

तरीही बहुतेक रुग्णांना आधी व्हीईजीएफविरोधी औषध देतात, कारण स्टेरॉईडने मोतीबिंदू वाढतो आणि डोळ्याचा दाब चढू शकतो. गंमत अशी की मागच्या बाजूची गळती थांबवणारे हेच औषध पुढच्या बाजूचा, दाब राखणारा निचरा काहींमध्ये तुंबवते; काचबिंदू बळावलेल्यांना ते म्हणूनच टाळतात. आजोबांचे दोन्ही मोतीबिंदू पूर्वीच निघालेले असल्याने पहिला धोका त्यांना उरलेला नव्हता आणि अखेर त्यांनी इंजेक्शन घेतले. आता दाब मात्र काही आठवड्यांनी पुन्हा पुन्हा मोजून घ्यावा लागेल, आणि शुगर आटोक्यात राहिली नाही तर कांडी विरघळल्यावर टाके पुन्हा उसवू शकतात.