दुय्यम कव्वालीतील गायिका : उदय आणि उतार

विदर्भातील खेड्यांत आंबेडकर जयंतीच्या किंवा बुद्धविहाराच्या वर्धापनदिनाच्या पत्रकावर ‘कव्वालीचा दुय्यम सामना’ अशी ओळ ठळक छापलेली असे आणि तिच्याखाली दोन छायाचित्रे असत : डावीकडे कव्वाल, उजवीकडे गायिका. या उजव्या छायाचित्रातील बाईच्या सुपाऱ्या का आटल्या, असे विचारले की डीजेकडे बोट दाखवून विषय संपवला जातो. प्रत्यक्षात डीजेचे ढीग गावोगाव लागण्यापूर्वीच तिचा उतार सुरू झाला होता आणि त्याचे मूळ ‘दुय्यम’ या शब्दाने ज्या मांडणीला नाव दिले, तिच्यात आहे.

फारसीतून आलेला हा शब्द मुळात ‘दुसरा’ एवढेच सांगतो. कचेरीच्या मराठीत त्याला कमीपणा चिकटला. दुय्यम निबंधक, दुय्यम कारागृह ही नावे सर्वांच्या परिचयाची आहेत. नागपूर-चंद्रपूरकडच्या पत्रकांवर मात्र दुय्यम म्हणजे दोन पार्ट्यांचा, म्हणजे गाणाऱ्यांच्या दोन संचांचा, समोरासमोरचा. बाहेरचा वाचक ते ‘हलक्या प्रतीची कव्वाली’ असे वाचतो आणि गायिकेलाही त्याच मापाने मोजतो. म्हणून शब्द बदलून ‘जुगलबंदी’ लिहावे, अशी सूचना अधूनमधून होते. ती मान्य करण्यासारखी नाही, कारण जुगलबंदीत दोघे मिळून रंग भरतात, तर दुय्यममध्ये एकाने टाकलेल्या सवालाला दुसऱ्याने तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागते. आणि उत्तर देणारा दुसरा असतो म्हणूनच शेवटचा शब्द त्याच्याकडे राहतो. बाई दुसऱ्या पाळीला बसली की ती दुय्यम ठरत नसे. पुष्कळदा बाजी तिच्याच हातात येत असे.

हे कसे घडे, ते एका सवालावरून ध्यानात येईल. कव्वालाने सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा प्रसंग लावून म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी यांचे वर्णन रंगवावे, टाळ्या घ्याव्यात आणि सवाल समोर टाकावा. गायिकेने पेटीवर स्वर धरून ठेवत, ढोलकवाल्याला हातानेच थांबवून, आधी गद्यात म्हणावे की दादा, तुम्ही जुनी पोथी वाचून आलात; मग 1957 साली प्रकाशित झालेल्या बाबासाहेबांच्या धम्मग्रंथाचा आधार देऊन गृहत्यागाचे खरे कारण म्हणून शाक्य आणि कोलीय या शेजारच्या गणांतील रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा गाण्यातून उभा करावा. विहिरीच्या पाण्यावरून भावाभावांतले वाद पाहिलेल्या शेतकऱ्याला ते कारण समजावून सांगावे लागत नसे. माइकवरून ‘अमुक यांच्यातर्फे अकरा रुपये बक्षीस’ अशा घोषणा सुरू होत आणि त्या संपेपर्यंत कव्वालाला पुढचा शेर सुचवून घ्यावा लागे. केवळ गोड गळ्यावर हे साधत नाही; त्याला वाचन लागते.

या प्रकाराच्या मागे 1930 च्या दशकातील आंबेडकरी जलसे, म्हणजे गाण्या-संवादांतून प्रबोधन करणारे कार्यक्रम, आहेत. ऑक्टोबर 1956 मध्ये नागपूर आणि पाठोपाठ चांदा (आजचे चंद्रपूर) येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर गीतांचा विषय बदलला. त्याच सुमारास भोपाळच्या एका कव्वालीण बाईने मंचावर बसून पुरुषांची मक्तेदारी मोडली होती आणि 1960 नंतर हिंदी चित्रपटांनी स्त्री-पुरुष कव्वालीचा मुकाबला घराघरांत पोहोचवला. विदर्भातील पार्ट्यांनी तो साचा उचलून त्यात बुद्ध-भीमगीते भरली. कापूस-तूर विकून हाती आलेला पैसा आणि मृगाची पेरणी यांच्यामध्ये चौदा एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा येतात, त्यामुळे वर्गणी जमणे अवघड नसे. सामन्याला बाईची पार्टी लागेच, म्हणून तिला काम मागावे लागत नसे. पेटी-ढोलकवाले बहुधा पुरुष आणि इसार घेणाराही बहुधा घरचाच पुरुष असे, ही गोष्ट मात्र तिच्या उदयाच्या कथांतून सोयीने गळते. बाबासाहेबांच्या 1991 च्या जन्मशताब्दीपर्यंत कॅसेटनेही तिला मदतच केली, कारण कॅसेटवर ऐकलेला आवाज प्रत्यक्ष पाहण्यासाठी गर्दी होई.

उताराची सुरुवात एका नियमापासून धरता येते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केला, पुढे वर्षातून मोजक्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळाली आणि 2005 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पोलीस अधिक काटेकोर झाले. नियम योग्यच होता. आजारी माणसाला झोप हवी असते. परंतु पाहुण्यांची भाषणे आटोपून दहाला उभा राहणारा आणि मध्यरात्रीनंतर खरा पेटणारा सामना दोन तासांत बसत नव्हता. दोन पार्ट्यांचे मानधन, दोन गाड्या, दोन्हीकडच्या साथीदारांचे जेवण आणि वाट्याला प्रत्येकी तासभर, हा हिशेब आयोजकांना परवडेना. अनेक गावांनी एकच पार्टी बोलावण्याचे ठरवले आणि ती पार्टी बहुतेक वेळा पुरुषाची निघाली.

या निर्णयाला एक नैतिक कारणही जोडले गेले. सामन्यात छेडछाडीचे शेर वाढले, प्रबोधन मागे पडले, तेव्हा ‘प्रबोधनपर गायन’ ठेवणे बरे, असे सांगण्यात आले. तक्रार खोटी नव्हती. पण शेर टाकणारे दोघे असताना दोष निस्तरायला एकटी बाई घरी बसली, हे विसरून चालणार नाही. पुढे मोबाइलवर तेच सामने फुकट दिसू लागले आणि 2020 ची जयंती टाळेबंदीत गेली. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेमुळे एप्रिलचा हंगाम पुन्हा बुडाला. ज्यांच्या पार्ट्या कशाबशा टिकल्या होत्या, त्यांचे साथीदार तेवढ्यात रोजमजुरीला किंवा बँडपथकांत गेले.

आता अशी गायिका भेटते ती नामकरण, गृहप्रवेश किंवा पुण्यानुमोदनाच्या (मृताच्या स्मरणार्थ होणाऱ्या बौद्ध विधीच्या) दिवसाढवळ्या होणाऱ्या कार्यक्रमात. सोबत एक पेटी आणि एक ढोलक असते, मानधन दोन तासांचे ठरते आणि जेवणाच्या पंगती बसल्या की गाणे थांबवायला सांगतात.