एक झकास सामना आणि दोनशे काल्पनिक पास

१ जानेवारी २०१२. अमेरिकन फुटबॉलमधल्या ग्रीन बे पॅकर्स या संघाचं प्लेऑफमधलं, म्हणजे बाद फेरीतलं, अव्वल स्थान आधीच पक्कं झालं होतं, म्हणून त्यांनी आरन रॉजर्सला विश्रांती दिली आणि डेट्रॉइट लायन्सविरुद्ध मॅट फ्लिन या राखीव क्वार्टरबॅकला उतरवलं. फ्लिनने ४४ पैकी ३१ पास सहकाऱ्यांच्या हातात पोहोचवले, ४८० यार्ड काढले, ६ टचडाउन पास दिले आणि सामना ४५-४१ असा जिंकून दिला. अडीच महिन्यांत सिअ‍ॅटल सीहॉक्सने त्याच्याशी तीन वर्षांचा करार केला. त्यातले एक कोटी डॉलर हमीचे होते. आणि सप्टेंबर उजाडेपर्यंत त्याची जागा रसेल विल्सन या तिसऱ्या फेरीत निवडलेल्या नवख्या पोराने घेतलीसुद्धा.

फ्लिनचा करार संपलेला होता, त्यामुळे सिअ‍ॅटलचे फक्त पैसे गेले. दुसऱ्या संघाशी करारबद्ध असलेला राखीव क्वार्टरबॅक हवा असेल, तर पैशांच्या जोडीला ड्राफ्टमधली आपली निवड द्यावी लागते, म्हणजे कॉलेजातून येणारा एखादा चांगला खेळाडू उचलण्याचा हक्क. दर वर्षी मार्चच्या सुमारास हा वाद रंगतो. एक बाजू म्हणते, ‘संधी मिळाली तेव्हा त्याने करून दाखवलंच ना!’ दुसरी म्हणते, ‘दोन सामन्यांवरून काय कळतं?’ दुसरी बाजू बरोबर आहे, पण तिच्याकडून सहसा एक गोष्ट राहून जाते. दोन सामन्यांवरून नेमकं किती कळतं, हे मोजता येतं. शाळेतलं वर्गमूळ येत असलं की पुरे.

अमेरिकन फुटबॉल न पाहणाऱ्यांसाठी थोडक्यात. क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार. चेंडू हातात आल्यावर साधारण अडीच-पावणेतीन सेकंदांत त्याला तो पुढे धावणाऱ्या सहकाऱ्याकडे फेकायचा असतो. झेलला गेला तर पास पूर्ण. मैदानाच्या टोकाला, प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे झेलला गेला तर टचडाउन. प्रतिस्पर्ध्याने झेलला तर इंटरसेप्शन. फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला आडवा केला तर सॅक. संघ ३२, प्रत्येकाकडे एक मुख्य क्वार्टरबॅक आणि एखाद-दोन राखीव, जे वर्षानुवर्षं हातात पाटी घेऊन कडेला उभे असतात.

आता फ्लिनचे ते ४४ पास. २०११ च्या मोसमात लीगमध्ये १०० पैकी सुमारे ६० पास पूर्ण होत होते. समजा, एखादा क्वार्टरबॅक अगदी सरासरी आहे, त्याची खरी क्षमता बरोबर ६० टक्के. तो ४४ पास फेकेल तेव्हा दर वेळी २६ किंवा २७च पूर्ण होतील का? नाही. कधी २३ होतील, कधी ३०. ही चढउतार किती, हे काढायचं तर ०.६ गुणिले ०.४ म्हणजे ०.२४, त्याला ४४ ने भागा आणि वर्गमूळ घ्या. उत्तर येतं ०.०७४, म्हणजे ७.४ टक्के. याला प्रमाण विचलन म्हणतात. फ्लिनचे त्या दिवशीचे ७०.५ टक्के म्हणजे सरासरीपेक्षा साडेदहा टक्के वर, जेमतेम १.४ प्रमाण विचलनं. निव्वळ योगायोगाने सरासरी क्वार्टरबॅकला ४४ पैकी ३१ किंवा त्याहून जास्त पास जमण्याची शक्यता दहांत एक एवढी आहे.

दहांत एक म्हटलं की दुर्मीळ वाटतं. पण राखीव क्वार्टरबॅक एकच नाही. सगळे अगदी सरासरी असलेले ३२ राखीव क्वार्टरबॅक एकेक सामना खेळले, तर त्यातल्या तिघांचा दिवस फ्लिनसारखा जाईल. एकाचाही जाणार नाही, ही शक्यता शेकडा तीन-चार. म्हणजे दर वर्षी कोणी ना कोणी ‘सापडणारच’. बाकीच्या एकोणतीस जणांबद्दल कोणी वाद घालत नाही, म्हणून सापडलेला खास वाटतो.

मग त्या ४४ पासांना किंमत द्यायची तरी किती? संख्याशास्त्रातली ही माझी सगळ्यात आवडती युक्ती, आणि ती कागदाच्या एका कोपऱ्यात मावते. लीगमधल्या क्वार्टरबॅकांच्या खऱ्या क्षमतेत फरक असतोच. तो फरक, योगायोग वगळून, साधारण ३.५ टक्के प्रमाण विचलनाचा आहे असं धरू. ०.०३५ चा वर्ग ०.००१२२५. मघाच्या ०.२४ ला याने भागलं की १९६ येतात. सोयीसाठी २०० म्हणू. या २०० चा अर्थ असा की इतके पास झाले की योगायोगाची चढउतार आणि खेळाडूखेळाडूंतला खरा फरक सारख्याच मापाचे होतात. तेव्हा कुठे दिसणाऱ्या आकड्यावर निम्मा विश्वास ठेवता येतो. त्याहून कमी पास असतील तर विश्वास त्या प्रमाणात कमी. फ्लिनच्या बाबतीत ४४ भागिले २४४, म्हणजे १८ टक्के. उरलेले ८२ टक्के वजन सरासरीला.

आकडेमोड आणखी सोपी करता येते. खेळाडूच्या खात्यात २०० काल्पनिक, अगदी सरासरी पास जमा करायचे. त्यातले १२० पूर्ण. फ्लिनचे ३१ मिळवले की १५१ होतात. भागिले २४४. उत्तर ६१.९ टक्के. झळझळीत ७०.५ चे झाले बासष्ट! तेही फक्त तो एक सामना धरून. त्याने तोवर एकूण १३२ पास फेकले होते आणि ८२ पूर्ण केले होते. तो सामना वगळला तर ८८ पैकी ५१, म्हणजे ५८ टक्के. सगळं धरून २०० काल्पनिक पास मिळवले की येतात ६०.८ टक्के. सिअ‍ॅटलने हमीचे एक कोटी डॉलर मोजले ते, या हिशोबाने, सरासरीपेक्षा पाऊण-एक टक्का वर असलेल्या माणसासाठी.

इथेही आपण राखीव खेळाडूवर मेहेरबानीच केली. लीगची ६० टक्के सरासरी मुख्यतः चांगल्या क्वार्टरबॅकांनी बनवलेली असते, कारण जास्त पास तेच फेकतात. बाकावरच्या मंडळींची सरासरी त्याखालीच असणार. ती ५७ धरली, तर त्या एका सामन्यावरून काढलेला ६१.९ चा अंदाज ५९.४ वर उतरतो. काल्पनिक पास कोणत्या गटाच्या सरासरीचे घ्यायचे, यातच अर्धी गोम आहे. ३.५ चा आकडा थोडा इकडेतिकडे केला तर २०० चे १५० होतील नाहीतर २६५, पण चित्र तेच राहतं. इंटरसेप्शनचं गणित तर याहून कठीण. ते शंभरात दोन-तीनच होतात, त्यामुळे तिथे हजार-दीड हजार पासांशिवाय बोलूच नये.

या परतीच्या प्रवासाला फ्रान्सिस गॉल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञाने १८८० च्या दशकात नाव दिलं, सरासरीकडे परतणं. फार उंच आईबापांची मुलं सरासरीहून उंच असतात, पण आईबापांइतकी नाहीत. आपल्याकडचं उदाहरण नरेंद्र हिरवाणीचं. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला वेस्ट इंडीजविरुद्ध पहिल्याच कसोटीत १३६ धावांत १६ बळी. नंतरच्या १६ कसोटींत मिळून ५०. अशा वेळी आपण म्हणतो, ‘दृष्ट लागली हो पोराला.’ अमेरिकेतही दृष्ट लागते, फक्त तिथे ती मासिकाच्या मुखपृष्ठावर फोटो आल्याने लागते. कारण साधं आहे. मुखपृष्ठावर माणूस तेव्हाच येतो जेव्हा त्याचं नशीब शिखरावर असतं, आणि शिखरावरून वाट खालीच जाते. हेच उलट्या दिशेनेही चालतं. ताप सगळ्यात जास्त असतो त्याच रात्री बुवाचा अंगारा लावला जातो, सकाळी ताप उतरतो आणि बुवाचं दुकान आणखी वर्षभर चालतं.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग पाचशे पास झालेला राखीव क्वार्टरबॅक घेतला की प्रश्न मिटला. मिटत नाही. २००८ मध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा टॉम ब्रेडी पहिल्याच सामन्यात गुडघा मोडून बसला आणि त्याच्या जागी राखीव मॅट कॅसल पुढचा अख्खा मोसम खेळला. ५१६ पास, ६३.४ टक्के पूर्ण, २१ टचडाउन, ११ इंटरसेप्शन, सुरुवातीपासून खेळलेल्या १५ सामन्यांत १० विजय. २०० काल्पनिक पासांचा याच्यावर फारसा परिणाम होत नाही, बासष्टच्या वर राहतात. २००९ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने ड्राफ्टमधली ३४ वी निवड देऊन तो घेतला, सोबत माइक व्रेबल हा अनुभवी बचावपटूही. तिथल्या पहिल्या मोसमात कॅसलचे फक्त ५५ टक्के पास पूर्ण झाले, १६ टचडाउन आणि १६ इंटरसेप्शन.

घोटाळा नमुन्याच्या आकारात नव्हता. तो नमुना ज्या संघाने बनवला त्यात होता. त्याच पेट्रियट्सनी आदल्या वर्षी मोसमातले सोळाही सामने जिंकले होते. पास झेलायला रँडी मॉस आणि वेस वेल्कर होते. नशिबाची चूक जास्त पासांनी धुऊन निघते, पण वजनकाट्यातच खोट असेल तर शंभरदा वजन केलं तरी खोट तीच राहते. म्हणून हल्ली खेळाडूंच्या खांद्याच्या कवचात चिप असते, ती सेकंदाला दहा वेळा जागा नोंदवते. चेंडू किती लांब फेकला, झेलणाऱ्यापासून बचावपटू किती यार्डांवर होता, यावरून तो पास सरासरी क्वार्टरबॅकने पूर्ण करण्याची शक्यता काढतात आणि खऱ्या निकालातून ती वजा करतात. मोकळ्या उभ्या माणसाला पाच यार्डांचा पास दिल्याचं श्रेय त्यामुळे जवळजवळ शून्यावर येतं. तरीही सॅक या हिशोबात येतच नाहीत. चेंडू हातात धरून बसणाऱ्या क्वार्टरबॅकचे पूर्ण पास छान दिसतात, कारण अवघड पास तो फेकतच नाही, आडवा होतो.

रॉब जॉन्सन हे त्याचं महागडं उदाहरण. १९९७ मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सकडून सुरुवातीपासून खेळलेल्या एकाच सामन्यात २४ पैकी २० पास, २९४ यार्ड. त्या काळच्या ५६ टक्के सरासरीने काल्पनिक पास मिळवले तर ८३ चे ५९ होतात. बफलो बिल्सनी त्याच्यासाठी १९९८ च्या ड्राफ्टमधली नववी निवड आणि वर चौथ्या फेरीतली एक दिली. डॅलसचा प्रशिक्षक जिमी जॉन्सन याने नव्वदीच्या सुरुवातीला लोकप्रिय केलेल्या, ड्राफ्टमधल्या निवडींच्या किंमत-तक्त्यात पहिल्या निवडीला ३००० गुण आहेत आणि नवव्या निवडीला १३५०. कॅसलच्या ३४ व्या निवडीला ५६०. बफलोत रॉब जॉन्सन सॅकखाली दबत राहिला. जॅक्सनव्हिलने त्या नवव्या निवडीवर फ्रेड टेलर घेतला, ज्याने पुढे कारकिर्दीत अकरा हजारांहून जास्त यार्ड धावून काढले.

चाहते इथे ब्रेट फार्वचं नाव पुढे करतात, आणि करायलाच हवं. अटलांटा फाल्कन्सकडे त्याने मोसमात चार पास फेकले होते. पूर्ण शून्य, इंटरसेप्शन दोन. तरी १९९२ मध्ये ग्रीन बेच्या रॉन वुल्फ या व्यवस्थापकाने पहिल्या फेरीतली निवड देऊन त्याला उचलला आणि तो पुढे लीगमधल्या सर्वकालीन मोठ्या क्वार्टरबॅकांत गणला गेला. आपला हिशोब चार पासांबद्दल काय म्हणतो? ५७ टक्के सरासरीने दोनशे चार पैकी ११४, म्हणजे ५६ च्या आसपास. म्हणजे चार पासांनी जवळपास काहीच सांगितलं नाही, ना चांगलं ना वाईट. वुल्फ त्या चार पासांकडे पाहतच नव्हता. आदल्या वर्षी तो न्यू यॉर्क जेट्समध्ये होता, कॉलेजातला फार्व त्याने पाहिला होता आणि ३४ व्या निवडीवर तो घेण्याच्या तयारीत होता. अटलांटाने ३३ व्यावर नेला.

बेसबॉलमधला एक प्रसिद्ध हिशोब नेमकं हेच दाखवतो. ब्रॅडली एफ्रॉन आणि कार्ल मॉरिस या संख्याशास्त्रज्ञांनी १९७० च्या मोसमातल्या १८ फलंदाजांच्या पहिल्या ४५ प्रयत्नांवरून पुढचा अंदाज बांधला. सरासरीकडे ओढलेले अंदाज एकूणात मूळ आकड्यांपेक्षा कितीतरी अचूक निघाले. पण रोबेर्तो क्लेमेंतेच्या ४५ पैकी १८, म्हणजे ०.४०० चा त्यांनी ०.२९० केला आणि तो उरलेल्या मोसमात ०.३४६ ने खेळला. सूत्राला इतकंच ठाऊक होतं की हा अठरांपैकी एक आहे. त्याने आधीच चार वेळा लीगमधल्या सर्वोत्तम फलंदाजीचा किताब घेतला होता, हे सूत्राला कोणी सांगितलंच नव्हतं.

राखीव क्वार्टरबॅकबद्दलची अशी आतली माहिती कोणाकडे असते? विकणाऱ्याकडे. त्याने तीन-चार वर्षं रोज सरावात हजारो पास पाहिलेले असतात, घेणाऱ्याला दिसतात ते सामन्यातले शंभर-दीडशे. बैलबाजारात जू मानेवर ठेवलं की खाली बसणारा बैल कोणता, हे फक्त विकणाऱ्याला ठाऊक असतं, तशी ही गत. त्यात चार संघ बोली लावत असले तर खेळाडू जातो ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला आहे त्याच्याकडे. २०११ मध्ये अ‍ॅरिझोना कार्डिनल्सनी केव्हिन कोल्बसाठी फिलाडेल्फिया ईगल्सना डॉमिनिक रॉजर्स-क्रोमार्टी हा चांगला बचावपटू आणि दुसऱ्या फेरीतली निवड दिली. कोल्बने सुरुवातीपासून खेळलेल्या पहिल्या दोन्ही सामन्यांत ३०० च्या वर यार्ड काढले होते, पण तोवरच्या कारकिर्दीत टचडाउन ११ आणि इंटरसेप्शन १४ होते. दोन मोसमांत अ‍ॅरिझोनाने त्याला मोकळं केलं.

यावर शहाणे व्यवस्थापक अटीची निवड देतात. खेळाडू मोसमातले ठरावीक टक्के डाव (चेंडू एकदा खेळात आला की एक डाव) खेळला तर वरच्या फेरीतली, नाहीतर खालची. २०२१ मध्ये कार्सन वेंट्झ फिलाडेल्फियातून इंडियानापोलिसला गेला तेव्हा ७५ टक्के डावांची अशी अट होती. वेंट्झ राखीव नव्हता, पण कलम राखीवालाच जास्त शोभतं, कारण विकणाऱ्याला आपल्या बैलाची खात्री असेल तर तो अट मान्य करतो. का-कू करू लागला, तर त्याचं ते का-कू करणं दीडशे पासांपेक्षा जास्त सांगून जातं.

फ्लिनला सिअ‍ॅटलने वर्षभरात ओकलंडकडे धाडला. तिथून बफलो आणि मग २०१३ च्या नोव्हेंबरात रॉजर्स जखमी झाल्यावर पुन्हा ग्रीन बे. १५ डिसेंबरला डॅलसविरुद्ध मध्यंतराला ग्रीन बे ३-२६ ने मागे होतं. फ्लिनने चार टचडाउन पास दिले आणि सामना ३७-३६ असा जिंकला.