आव्हिन्यों महोत्सव

दक्षिण फ्रान्समधील आव्हिन्यों या ऱ्होन नदीकाठच्या तटबंदीच्या शहरात दरवर्षी जुलै महिन्यात भरणारा रंगकलांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव. ज्याँ व्हिलार या नट-दिग्दर्शकाने १९४७ मध्ये त्याची सुरुवात केली. नाटक हा त्याचा कणा असला, तरी नृत्य, संगीत, संहितावाचन, दृश्यकला आणि या सर्वांच्या सीमारेषेवरचे प्रयोग त्यात होतात. शहरातील मठ, चर्च, शाळांची पटांगणे आणि व्यायामशाळा अशा अनेक वास्तू त्यासाठी तात्पुरत्या नाट्यगृहांचे रूप घेतात. अधिकृत महोत्सवाला बोलीभाषेत ‘इन’ म्हणतात आणि त्याच काळात स्वतंत्रपणे चालणाऱ्या, आकाराने कितीतरी मोठ्या उपक्रमाला ‘ऑफ’ म्हणतात.

महोत्सवाचा उगम एका चित्रप्रदर्शनात आहे. दुसरे महायुद्ध संपून दोन वर्षे झाली असताना कलासमीक्षक क्रिस्तियाँ झेर्व्होस आणि कवी रने शार हे पोपच्या राजवाड्यातील मोठ्या प्रार्थनागृहात आधुनिक चित्र-शिल्पांचे प्रदर्शन भरवत होते. पॅरिसमध्ये गाजलेले एक नाटक याच निमित्ताने राजवाड्याच्या मुख्य प्रांगणात करावे, असे त्यांनी व्हिलारला सुचवले. व्हिलारने आधी नकार दिला. प्रांगण फार मोठे व बेढब आहे, तिथे नाटक उभे राहणार नाही, असे त्याचे मत होते. काही दिवसांनी मात्र एका नाटकाऐवजी तीन नव्या निर्मितींचा प्रस्ताव त्यानेच मांडला : फ्रान्समध्ये तेव्हा फारसे परिचित नसलेले शेक्सपिअरचे ‘दुसरा रिचर्ड’, फ्रेंच कवी-नाटककार पॉल क्लोदेलचे एक नाटक आणि मोरीस क्लाव्हेल या तरुण लेखकाचे एक नाटक. नगरपालिकेने पाठिंबा दिला, शहरातील लष्करी अभियंता तुकडीच्या जवानांनी फळ्यांचा रंगमंच बांधून दिला आणि सप्टेंबर १९४७ मध्ये ‘कलासप्ताह’ या साध्या नावाने प्रयोग झाले. रिचर्डची भूमिका व्हिलारने स्वतः केली. सुमारे ४,८०० प्रेक्षक आले. पुढील वर्षापासून हा उपक्रम जुलैमध्ये होऊ लागला.

ज्या प्रांगणाबद्दल व्हिलारला शंका होती, त्यानेच महोत्सवाची शैली घडवली. चौदाव्या शतकात पोपचे आसन रोमऐवजी आव्हिन्योंत होते, तेव्हाची ही गॉथिक वास्तू असून तिच्या चारही बाजूंना उंच दगडी भिंती आहेत. वर छत नाही, पडदा नाही आणि रंगवलेल्या नेपथ्याला त्या भिंतींपुढे काही किंमत उरत नाही. म्हणून व्हिलारने नेपथ्य जवळजवळ काढूनच टाकले. मोकळा मंच, काही निशाणे, ठळक रंगांची वेशभूषा, प्रकाश आणि नटाचा आवाज एवढ्यावर प्रयोग उभा करण्याची पद्धत इथे रुजली. आजही दोन हजारांच्या आसपास प्रेक्षक अंधार पडल्यावर इथे बसतात, मोरीस जार याने रचलेली तुताऱ्यांची सूचक धून वाजते आणि प्रयोग सुरू होतो. उत्तरेकडून येणारा ‘मिस्त्राल’ नावाचा थंड, जोरकस वारा सुटला, तर वेशभूषा फडफडते, शब्द उडून जातात आणि प्रेक्षक गोधड्या-चादरी गुंडाळून बसतात. बंद नाट्यगृहात सरावलेल्या दिग्दर्शकाला या जागेत आपली रीत बदलावीच लागते. अनेक नामवंतांचे प्रयोग इथे फसले आहेत, आणि महोत्सवाच्या कलात्मक कणखरपणाचे मूळ या कसोटीतच शोधावे लागते.

व्हिलारची भूमिका केवळ कलात्मक नव्हती. पाणी, गॅस आणि वीज यांच्याप्रमाणेच नाटक ही सार्वजनिक सेवा आहे, असे तो मानत असे. १९५१ मध्ये पॅरिसच्या राष्ट्रीय लोकरंगभूमीची सूत्रे त्याच्याकडे आली, तेव्हा स्वस्त तिकिटे, बक्षिशीला बंदी, कामगार संघटनांच्या माध्यमातून प्रेक्षकांची नोंदणी असे उपाय त्याने केले. चित्रपटांतून लोकप्रिय झालेला नट जेरार फिलीप त्याच वर्षी त्याच्या मंडळीत आला. सतराव्या शतकातील फ्रेंच नाटककार कॉर्नेयच्या ‘ल सिद’मधील त्याच्या भूमिकेने आव्हिन्योंला तरुण प्रेक्षक मिळवून दिला. शिबिरांत राहून दिवसा चर्चा आणि रात्री नाटक अशी तरुणांची परंपरा याच सुमारास सुरू झाली.

पहिली जवळजवळ वीस वर्षे हा एका मंडळीचा, एका प्रांगणाचा आणि नाटकापुरता महोत्सव होता. तो साचेबंद होत असल्याचे व्हिलारच्याच लक्षात आले. १९६६ मध्ये त्याने मोरीस बेजार याच्या नृत्यसंस्थेला मुख्य प्रांगण खुले केले. पुढच्या वर्षी कार्मेलाइट मठाच्या ओवऱ्यांत दुसरा मंच आला आणि प्रांगणात चित्रपटही दाखवला गेला. महोत्सव बहुविध कलांचा झाला तो या दोन वर्षांत, आणि संस्थापकाच्या हातून झाला. तरीही १९६८ च्या विद्यार्थी आंदोलनानंतरच्या उन्हाळ्यात त्यालाच प्रस्थापित ठरवण्यात आले. पोर्तुगालच्या हुकूमशहाचे नाव जोडून ‘व्हिलार, बेजार, सालाझार’ अशा घोषणा रस्त्यावर दिल्या गेल्या. अमेरिकेतील ‘लिव्हिंग थिएटर’ या मंडळीने रस्त्यावर विनामूल्य प्रयोग करण्याचा आग्रह धरला आणि मनाई होताच महोत्सवातून अंग काढून घेतले. सामान्य माणसासाठी आयुष्य वेचणाऱ्या व्हिलारवर तो आरोप अन्यायकारक होता. १९७१ मध्ये त्याचे निधन झाले आणि त्याचा सहकारी पॉल प्युओ याने काम पुढे नेले.

‘ऑफ’ची सुरुवात १९६६ मध्ये झाली. स्थानिक नाटककार आंद्रे बेनेदेतो याने निमंत्रणाची वाट न पाहता आपल्या छोट्या नाट्यगृहात प्रयोग लावला, इतरांनी त्याचे अनुकरण केले आणि न्यूयॉर्कच्या ‘ऑफ-ब्रॉडवे’वरून (ब्रॉडवेच्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांबाहेरची छोटी रंगभूमी) हे नाव रूढ झाले. अलीकडे त्यात दीड हजारांहून अधिक वेगवेगळे कार्यक्रम होतात. निवड समिती नसते. सभागृह मिळवू शकणारी कोणतीही मंडळी सहभागी होऊ शकते. एकाच सभागृहात सकाळी दहापासून मध्यरात्रीपर्यंत ठरावीक वेळांच्या पाळ्या लागतात. एका मंडळीने नेपथ्य उचलले की काही मिनिटांत दुसरी आपले मांडते. कलाकार दुपारच्या उन्हात वेशभूषेसह रस्त्यावर फिरून पत्रके वाटतात आणि पुठ्ठ्यावर चिकटवलेली भित्तिपत्रके सुतळीने दिव्याच्या खांबांना, जाळ्यांना बांधतात. गल्ल्या त्यांनी भरून जातात. फ्रान्सभरातील नाट्यगृहांचे कार्यक्रम-नियोजक इथे येऊन पुढील हंगामासाठी नाटके निवडतात, म्हणून लहान मंडळ्या भाडे, निवास आणि प्रवास यांचा बोजा स्वतः सोसून येतात. अनेकांना तो खर्च भरून निघत नाही. सार्वजनिक सेवेच्या तत्त्वावर उभ्या राहिलेल्या महोत्सवाच्या शेजारीच सभागृहांच्या भाड्याचा इतका मोठा बाजार वाढावा, ही आव्हिन्योंची न सुटलेली अडचण आहे.

१९७० नंतर अनेक महत्त्वाच्या निर्मिती इथे प्रथम सादर झाल्या. दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन आणि संगीतकार फिलिप ग्लास यांचा ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हा रूढ कथानक नसलेला ऑपेरा १९७६ मध्ये इथे प्रथम सादर झाला. १९८७ मध्ये आंत्वान व्हितेझ याने क्लोदेलचे एक महाकाय नाटक मुख्य प्रांगणात रात्रभर केले. भारतीय वाचकाच्या दृष्टीने विशेष नोंद घ्यावी असा प्रयोग म्हणजे इंग्रज दिग्दर्शक पीटर ब्रुक याचे ‘महाभारत’. ज्याँ-क्लोद कारिएर याने सिद्ध केलेली ही संहिता जुलै १९८५ मध्ये शहराबाहेर बुलबों येथील चुनखडीच्या जुन्या खाणीत फ्रेंचमध्ये सादर झाली. द्यूत, वनवास आणि युद्ध असे तिचे तीन भाग होते आणि एकूण कालावधी सुमारे नऊ तासांचा होता. खाणीच्या उभ्या कड्यांखाली माती, पाणी आणि अग्नी एवढीच सामग्री घेऊन अनेक देशांच्या नटांनी तो उभा केला. भीष्माची भूमिका पश्चिम आफ्रिकेतील सोतिगी कुयाते याने, तर द्रौपदीची मल्लिका साराभाई यांनी केली. सलग प्रयोगाच्या रात्री कुरुक्षेत्र संपता संपता उजाडत असे. पाश्चात्त्य समीक्षकांनी त्याची फार वाखाणणी केली. रुस्तम भरुचा यांच्यासारख्या भारतीय अभ्यासकांनी मात्र, महाकाव्य आपल्या धार्मिक-सामाजिक संदर्भापासून तोडले गेल्याचा आक्षेप घेतला. कीर्तन-प्रवचनांतून व्यासांची कथा ऐकलेल्या मराठी वाचकाला तो आक्षेप सहज समजेल, पण त्यामुळे प्रयोगाचे रंगमंचीय सामर्थ्य कमी होत नाही.

फ्रान्समध्ये प्रयोगागणिक काम मिळणाऱ्या कलावंत-तंत्रज्ञांना ५०७ तासांचे काम दाखवल्यास मधल्या काळात बेकारी भत्ता मिळतो. हे तास भरण्याची मुदत बारा महिन्यांवरून कमी करण्याच्या निर्णयाविरुद्ध २००३ मध्ये संप झाला आणि महोत्सव रद्द करावा लागला. २०२० मध्ये करोनामुळे तो पुन्हा रद्द झाला. दरम्यान २००४ पासून ओर्तांस आर्शाँबो आणि व्हँसाँ बोद्रिये या संचालकद्वयाने दरवर्षी एका-दोन कलावंतांना सहयोगी म्हणून बोलावण्याची पद्धत आणली. तालमींसाठी ‘ला फाब्रिका’ ही कायमस्वरूपी वास्तू २०१३ मध्ये तटाबाहेरच्या वस्तीत सुरू झाली. पुढील वर्षी तिथेच तोमा जोली याने शेक्सपिअरच्या ‘सहावा हेन्री’चा अठरा तासांचा प्रयोग केला. २०१४ पासून ऑलिव्हिए पी आणि २०२३ पासून पोर्तुगालचा तियागो रोद्रिगेस हे संचालक झाले. फ्रेंच नसलेला रोद्रिगेस हा पहिलाच संचालक असून, दर वर्षी एका भाषेला पाहुणी म्हणून निमंत्रण देण्याचा प्रघात त्याने पाडला आहे. २०२३ मध्ये इंग्रजी, २०२४ मध्ये स्पॅनिश आणि २०२५ मध्ये अरबी या भाषांना हे निमंत्रण मिळाले.