विद्युत रोध व शक्ती : दाब व प्रवाह यांवरून गणन

विद्युत परिपथाच्या एखाद्या भागाच्या दोन टोकांमधील दाब (व्होल्ट) आणि त्यातून वाहणारा प्रवाह (अँपिअर) माहीत असला, की त्या भागाचा रोध (ओहम) व त्यात खर्च होणारी शक्ती (वॉट) काढता येते. दाबाला प्रवाहाने भागले की रोध मिळतो, गुणले की शक्ती. त्यावरून ‘शक्ती = प्रवाहाचा वर्ग × रोध’ आणि ‘शक्ती = दाबाचा वर्ग ÷ रोध’ ही रूपे निघतात.

दाब, प्रवाह व रोध यांच्या संबंधाला गेओर्ग झिमोन ओहम (१७८९–१८५४) या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव आहे. नियमाचे वर्ष बहुधा १८२७ असे दिले जाते. ते ओहम यांच्या ग्रंथाचे वर्ष होय. प्रयोग व त्यांवरून बसवलेले समीकरण त्यांनी १८२६ मध्येच प्रसिद्ध केले होते, त्यामुळे ते वर्ष धरणे अधिक सयुक्तिक वाटते. १८२५ मधील त्यांच्या पहिल्या निबंधात लॉगरिथमचे सूत्र होते, ते टिकले नाही. त्या काळच्या विद्युत घटांचा दाब प्रयोग चालू असतानाच उतरत असे, ही मुख्य अडचण होती. जर्मन शास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून ओहम यांनी घटाऐवजी बिस्मथ व तांबे यांचे तपयुग्म (थर्मोकपल : दोन धातूंच्या सांध्यांच्या तापमानांतील फरकाने दाब निर्माण करणारी जोडी) घेतले. एक सांधा उकळत्या पाण्याच्या तापमानाला, दुसरा बर्फात. दाब स्थिर झाला आणि तारेची लांबी वाढवली की प्रवाह कोणत्या प्रमाणात घटतो ते स्पष्ट दिसले.

अग्रक्रमाचा वाद मात्र जुना आहे. इंग्रज शास्त्रज्ञ हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८१ च्या सुमारास मिठाच्या द्रावणाने भरलेल्या काचनळ्यांतून लायडन पात्रांचा (विद्युत भार साठवणाऱ्या काचेच्या बरण्यांचा) विसर्ग सोडला आणि स्वतःच्या शरीराला बसणाऱ्या धक्क्यांच्या तीव्रतेवरून प्रवाहांची तुलना केली. हे काम त्यांनी प्रसिद्ध केले नाही. १८७९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी कॅव्हेंडिश यांची टिपणे संपादित केली, तेव्हा हाच नियम त्यांत असल्याचे दाखवले. तरीही मोजमापावर उभे केलेले, इतरांना पडताळता येईल असे विधान ओहम यांचेच. नियमाला त्यांचे नाव राहणे योग्य आहे.

प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात उष्णता निर्माण होते, हे जूल यांनी १८४१ च्या सुमारास व लेंझ यांनी स्वतंत्रपणे दाखवले.

प्रयोगशाळेत रोध मोजताना व्होल्टमीटर कोठे जोडला यावर उत्तर बदलते. तो थेट रोधाच्या टोकांना लावला, तर अँमीटर रोधाबरोबर व्होल्टमीटरचाही प्रवाह मोजतो आणि रोध कमी येतो. अँमीटरही व्होल्टमीटरच्या दोन टोकांच्या आत घेऊन जोडला, तर अँमीटरवरील दाब मिसळतो आणि रोध जास्त येतो. म्हणून लहान रोधासाठी पहिली जोडणी, मोठ्यासाठी दुसरी. सीमारेषा दोन्ही मीटरांच्या रोधांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढून मिळते. अँमीटरचा रोध ०.५ ओहम व व्होल्टमीटरचा ५,००० ओहम असेल, तर ती ५० ओहम. तेथे दोन्ही जोडण्यांत चूक सुमारे १ टक्का.

भागाकाराने मिळणारा आकडा त्या क्षणाचा रोध असतो. तो सर्व दाबांना तोच राहिला, तरच ओहम यांचा नियम लागू आहे असे म्हणता येते. पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत गणपतीच्या दिवसांत विकल्या जाणाऱ्या एलईडी माळांतील दिवे हा नियम पाळत नाहीत. १०० वॉटचा जुना तंतुदीप (टंगस्टनच्या तारेचा बल्ब) २३० व्होल्टवर सुमारे ०.४३५ अँपिअर घेतो, म्हणजे रोध ५२९ ओहम. पण थंड असताना मल्टिमीटरवर ४० ओहमच्या आसपासच दिसतो, कारण टंगस्टनचा रोध तापमानाबरोबर वाढतो. नायक्रोम या निकेल-क्रोमियम मिश्रधातूच्या कॉइलचा रोध त्या मानाने फारच थोडा बदलतो, म्हणून गिझर तपासताना वायरमन थंड कॉइलच मोजतो आणि ते पुरते.

घरगुती पुरवठ्याचा प्रमाण दाब २३० व्होल्ट आहे. त्यावर २,००० वॉटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. ६ अँपिअरचा साधा प्लग त्याला चालत नाही, १६ अँपिअरचा पॉवर पॉइंटच लागतो. कॉइलचा रोध २६.४५ ओहम. दाब २०० व्होल्टवर आला, तर शक्ती १,५१२ वॉट उरते : दाब १३ टक्के घटला, शक्ती २४ टक्के. पाणी तापायला लागणारा जादा वेळ तेथून येतो.

प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणाऱ्या मोटारींना साधा गुणाकार पुरत नाही. सोसायटीचा पाण्याचा पंप २३० व्होल्टवर ५ अँपिअर घेत असेल, तर गुणाकार १,१५० व्होल्ट-अँपिअर येतो, शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर, म्हणजे या गुणाकाराशी खऱ्या शक्तीचे प्रमाण) ०.८ असेल, तर खरी शक्ती ९२० वॉट. याच आकड्यांच्या भागाकारातून येणारे ४६ ओहम हा मोटारीचा संरोध (इम्पिडन्स, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण अडथळा) आहे. वाइंडिंगचा (आतील तारेच्या वेटोळ्यांचा) रोध त्याहून बराच कमी असतो व तो वेगळा मोजावा लागतो.