स्वतःच्या चुलीचा हक्क : सोलापुरातील उतारवयाची पार्श्वभूमी

मुले पुण्यात किंवा हैदराबादला नोकरीला आणि आईवडील सोलापुरात, ही स्थिती आता या शहरातील असंख्य घरांची आहे, आणि तिच्याविषयी बोलताना "पूर्वी असे नव्हते" हे वाक्य हमखास येते. ते अर्धेच खरे आहे. अंतर नवे आहे. पण हातपाय चालतात तोवर आपली चूल आपण सांभाळायची आणि आपल्या पैशाचा हिशेब आपल्याच हाती ठेवायचा, हा म्हाताऱ्या माणसांचा हट्ट नवा नाही आणि बाहेरून आलेलाही नाही. सोलापुरात तो दोन गोष्टींच्या आधारे टिकला : स्वतःची मिळकत आणि स्वतःच्या नावाचे छप्पर. जिथे यांतले एक गेले, तिथे हट्टही मावळत गेला.

आदर्श मात्र सेवेचाच होता. पंढरपूर याच जिल्ह्यातले. त्यामुळे आईवडिलांची सेवा म्हटले की येथे पुंडलिकाचे नाव निघते. दारात आलेल्या देवाकडे वीट भिरकावून त्याला थांबायला सांगणारा हा मुलगा आधी आईवडिलांना पायी चालवून स्वतः घोड्यावरून काशीला निघाला होता, हा कथेचा पूर्वार्ध आपण सहसा सांगत नाही. आणखी एक गोष्ट लक्षात येते : या संपूर्ण कथेत आईवडील जवळजवळ बोलतच नाहीत. त्यांना काय हवे होते, हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

प्रत्यक्ष जगणे मात्र वेगळ्या वळणाने गेले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांची वस्ती शहराच्या पूर्व भागात वाढली आणि माग घरातच असल्यामुळे काम व घर यांच्यात उंबरठा राहिला नाही. अशा घरात निवृत्त होण्याचा ठरावीक दिवस नसे. नजर अधू झाली की माणूस मागावरून उठे आणि कांड्या भरायला बसे; काम हलके होई, पण संपत नसे, आणि काम होते म्हणून शब्दाला वजनही होते. याला सोन्याचे दिवस म्हणण्याचे कारण नाही, कारण न थांबणाऱ्या कामाचा शीणही त्याच शरीराला सोसावा लागे.

1870च्या दशकात कापड गिरण्या सुरू झाल्या आणि महिन्याचा पगार आला. 1952च्या भविष्य निर्वाह निधी कायद्यानंतर त्या पगारातून म्हातारपणासाठी पुंजीही साठू लागली. पण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरण्या एकेक करून बंद पडत गेल्या, तेव्हा पन्नाशीच्या आतबाहेरचे कितीतरी पुरुष म्हातारे होण्याआधीच घरी बसले. 16 नोव्हेंबर 1995 पासून लागू झालेल्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत किमान निवृत्तिवेतन दरमहा 1,000 रुपये ठरायला 2014 उजाडले. एवढ्या रकमेत रक्तदाबाच्या गोळ्या आणि विजेचे बिल भागेल. स्वतंत्र संसार भागत नाही.

त्या काळात अनेक घरे बायकांच्या विडीवर तगली, आणि या विषयाचा खरा सोलापुरी भाग हाच आहे. कारखान्याच्या शाखेतून तेंदूचा पत्ता व तंबाखू आणायचा, पत्ता भिजवून कात्रीने कापायचा, विडी वळून दोऱ्याने बांधायची, दुसऱ्या दिवशी मोजून द्यायची आणि हजारामागे मजुरी घ्यायची. विडी व सिगार कामगारांसाठीचा, 2025 पर्यंत लागू असलेला 1966चा कायदा घरी बसून काम करणाऱ्या या स्त्रियांनाही कामगार मानत असे, त्यामुळे ओळखपत्र आणि भविष्य निर्वाह निधीचे खाते ज्यांना मिळाले, त्यांच्या हाती स्वतःच्या नावाचा कागद आला. पुढे घरांचाही प्रश्न संघटनांनी लढवला. शहराबाहेर कुंभारीजवळ कम्युनिस्ट नेत्या गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार महिलांसाठी 10,000 घरांची वसाहत उभी राहिली आणि 2006 मध्ये ती हस्तांतरित झाली. त्याच परिसरात असंघटित कामगारांच्या 30,000 घरांच्या रे नगर प्रकल्पातील पहिली 15,000 घरे जानेवारी 2024 मध्ये दिली गेली. या आकड्यांइतकेच महत्त्व एका साध्या वाक्यरचनेला आहे. "आई माझ्याकडे असते" असे म्हणणारा मुलगा आणि "मी आईकडे राहतो" असे म्हणणारा मुलगा, या दोघांच्या घरात जेवणाची वेळ, पाहुण्यांचे स्वागत आणि औषधावरचा खर्च कोण ठरवतो, याची उत्तरे सारखी नसतात.

कायदा या जागी फार उशिरा पोहोचला. हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियमाने 1956 मध्ये वृद्ध आईवडिलांच्या पोषणाचे कर्तव्य अपत्यांवर टाकले, 1973च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने कलम 125 मध्ये आईवडिलांचा समावेश केला, आणि ही जबाबदारी स्वतःची मिळकत असलेल्या विवाहित मुलीवरही येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1987 मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठीचा 2007चा अधिनियम आला. महाराष्ट्राचे नियम 2010 मध्ये झाले. प्रांताधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो आणि दरमहा कमाल 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह भत्ता मिळू शकतो. परंतु पोराविरुद्ध अर्ज करणे म्हणजे गल्लीत स्वतःचीच बेअब्रू करून घेणे, असे मानणारी पिढी अजून हयात आहे, आणि तिच्यासाठी भत्त्यापेक्षा कलम 23 अधिक कामाचे आहे. सांभाळण्याच्या अटीवर बक्षीसपत्राने घर दिले आणि सांभाळ झाला नाही, तर ते हस्तांतर रद्द ठरवता येते. ती अट असल्याचे दिसले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितले. जानेवारी 2025च्या निकालात न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावण्यावर भर दिला. तरीही अट कागदावर लिहून घेणे उत्तम, आणि जिवंतपणी घर दुसऱ्याच्या नावावर न करणे त्याहून उत्तम, हे माझे मत.

राज्य सरकारच्या निराधार वृद्धांसाठीच्या योजनेचे नाव श्रावणबाळ आहे. म्हणजे कावड खांद्यावर घेण्याचे काम शासनाने आपल्याकडे घेतले, असा त्याचा अर्थ. 65 वर्षांवरील पात्र व्यक्तीला 2023 पासून दरमहा 1,500 रुपये मिळतात. मात्र 21,000 रुपयांची वार्षिक मर्यादा कुटुंबाच्या उत्पन्नाला आहे, त्या व्यक्तीच्या नाही. म्हातारे माणूस येथेही कुणाच्या तरी घरचेच धरलेले असते.

कागद नावावर असूनही अडते ते बारीकसारीक गोष्टींत. निवृत्तिवेतनासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला लागतो. 2014 पासून तो बोटाच्या ठशावर काढता येऊ लागला. ज्या बाईने चाळीस वर्षे पत्ता वळला, तिच्या अंगठ्याच्या रेषा झिजून गेलेल्या असतात. यंत्रावर अंगठा ठेवायचा, पुसायचा, पुन्हा ठेवायचा, आणि शेवटी मुलाला रजा काढून बोलवायचे. 2021 मध्ये चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय झाली, पण त्यासाठी स्मार्टफोन आणि तो हाताळणारा कुणीतरी लागतोच.

दुसरी अडचण पाण्याची. उजनीचे पाणी असलेल्या या शहरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, तेही कधी भल्या पहाटे. पाण्याच्या दिवशी पिंप, घागरी आणि हंडे भरता आले नाहीत, तर एकटे राहणे तिथेच संपते. पूर्व भागातील एका घरी मी पाहिलेला तोडगा असा : पुण्याच्या मुलाला आईवर लक्ष राहावे म्हणून घरात कॅमेरा बसवायचा होता, आईने साफ नकार दिला, मात्र वाकावे लागू नये म्हणून मोटरीचे बटण कमरेच्या उंचीवर घ्यायला सांगितले. हुतात्मा एक्स्प्रेसने शनिवारी रात्री आलेल्या मुलाने रविवारी वायरमनला बोलावून ते काम केले. वायरमनचे पैसे तिने स्वतःच्या बटव्यातून दिले आणि ते विडीच्या हिशेबाच्या जुन्या वहीत लिहून ठेवले.